सतरा जणींचे निरोप

ताई,

तुमच्यावर मी रागावलो आहे, हे आधी सांगून टाकतो. गेलेल्या माणसाशी असं बोलू नये, कळतं मला. परवा रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मीही रीतीप्रमाणे चांगलं चांगलंच बोललो. कर्तव्यदक्ष म्हणालो, विद्यार्थ्यांची आई म्हणालो. प्राचार्य तर तुम्हाला कॉलेजचा कणा म्हणाले. तुम्ही समोर बसलेल्या असता तर पदर तोंडाशी नेऊन हसला असता आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला असता, "सर, मेल्यावर मानसाचं वजन लईच वाढते, नाई?"

खरं सांगू, बोलताना माझं लक्ष तुमच्या फोटोकडे नव्हतं. तुमचा मोबाइल कुठे असेल, याचा मी विचार करत होतो. तो बंद असेल की चालू, तुमच्या मैत्रीला आत्ताच मागितला तर त्या पोरीला काय वाटेल, आठ दिवस झाले नाहीत आईला जाऊन आणि हा माणूस फोन मागतो. पण कमलबाईंच्या अपिलाची मुदत मंगळवारी संपत होती, आणि त्यांना बोलवायचं कसं हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं. ते तुम्ही कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. मी दोन वर्षं सांगत होतो, लिहून ठेवा.

तर राग त्याचा आहे.

आठवतं, तुम्ही आमच्या लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात पहिल्यांदा आलात तो दिवस? पांढरकवड्याच्या तहसीलसमोर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारी बाई, लोकांचे अर्ज टाइप करून करून निम्मा कायदा तोंडपाठ झालेली. मला वाटलं, बरं झालं, मसुदे झटपट टाइप होतील. महिनाभरात तुम्ही माझ्याच विद्यार्थ्यांना शिकवायला लागलात. पक्षकार बोलायला लागला की पेन उचलायचं नाही. मूळ कागद हातात घ्यायचा, झेरॉक्स त्याच्या डोळ्यांदेखत काढायची, मूळ लगेच परत द्यायचा आणि परत दिला अशी सही घ्यायची. जबाब लिहून झाला की वाचून दाखवायचा, आणि मग पक्षकाराला म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा मी काय लिहिलं. मी वर्गात हेच सगळं तासभर फळ्यावर लिहीत असे आणि मुलं जांभया देत. तुम्ही एका मुलाच्या हातातलं पेन नुसतं काढून घेतलंत, "पयले आयक ना बाप्पा, ते बाई काय पळून चालली?" म्हणालात, आणि तो मुलगा आज दारव्ह्याला वकिली करतो, तुमचंच वाक्य ज्युनिअरला ऐकवतो. मला तुमचा हेवा वाटायचा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दुसरीही एक गोष्ट सांगितली नाही. ती बोरी अरब गावच्या मुलीची.

तेव्हा केंद्राला नवीन फोन मिळाला होता आणि मी हुरूपात होतो. मी फतवा काढला, की पक्षकाराशी जे काही बोलायचं ते लेखी मेसेजनेच बोलायचं, म्हणजे पुरावा राहतो. त्या मुलीची पोटगीची केस होती. मी स्वतः मजकूर सांगितला: आपल्या पोटगीच्या अर्जाकरिता रेशन कार्ड, लग्नाचा फोटो व नवऱ्याच्या पगाराचा कागद घेऊन यावे. विद्यार्थिनीने तो फॉर्मवरच्या नंबरवर पाठवला. मुलगी आली नाही. पुढच्या आठवड्यात नाही, पुढच्या महिन्यात नाही. मग तिच्या मावशीकडून कळलं, की तो नंबर नवऱ्याचा होता. घरात फोन एकच. फॉर्मवर 'मोबाइल नंबर' असं लिहिलेलं होतं, तिने घरातला होता तो दिला.

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, नंबर तिनेच दिला होता, आपण काय करणार. तुम्ही दोन दिवसांनी टेबलावर नवा फॉर्म टाइप करून ठेवलात. नंबरच्या खाली एक ओळ वाढवली होती: हा फोन दिवसा कोणाच्या हातात असतो?

ताई, चूक तिची नव्हती, त्या विद्यार्थिनीचीही नव्हती. चूक माझी होती. दोन वर्षं मी हे बोलायला योग्य वेळ शोधत होतो आणि तुम्ही मागच्या सोमवारी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता गेलात.

त्या ओळीपासूनच पुढे तुमचे निरोप सुरू झाले. ज्या बाईच्या हातात स्वतःचा फोन नाही, तिने स्वतःच एक वाक्य ठरवायचं. घरातल्या कोणीही फोन उचलला तरी त्याला सांगता येईल असं. आपण ते वाक्य सांगितलं की तिने समजायचं, केंद्रात बोलावलंय. कोणाचं ब्लाऊज शिवून झालेलं असायचं, कोणाच्या पोरीचं लसीच्या डोसाचं कार्ड तयार असायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टेबलावर हात आपटला होता. वकिलाच्या केंद्राने पहिलंच पाऊल खोटं बोलून टाकायचं? तुम्ही शांतपणे म्हणालात, "खोटं कोनाशी बोलून राह्यलो सर आपुन? तिच्याशी तं नाई बोलत."

बरं, खोट्याचं मी कसंबसं गिळलं. पण निदान ते वाक्य फाईलमध्ये लिहा, एवढं तरी? तर तेही नाही. "फाईल कपाटात राह्यते, कपाटाची चाबी खिळ्यावर राह्यते," असं तुमचं उत्तर. मी म्हणालो, चावी माझ्याकडे द्या. मग तुम्ही खरं काय ते बोललात. "पोरं आपलीच हाये सर, पन गावंबी त्याइचीच हाये. आपल्या वर्गात महागावकडची चार पोरं बसते. त्यातला एखादा कोन्या बाईच्या देराचा साळा निघाला तं?" मी हसलो. आता हसू येत नाही. आपल्या जिल्ह्यात कोण कोणाचा साळा निघेल याचा नेम नाही, हे मला कळायला हवं होतं, माझंच सासर आर्णीला आहे.

मी तरी हटलो नाही. उद्या तपासणी आली तर काय दाखवू, नोंद कुठे आहे, विचारलं तर काय सांगू, हेच माझं पालुपद. तपासणीची मला इतकी काळजी होती, ताई. तुम्हाला काही झालं तर, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. ते आलं असतं आणि मी तसं बोललो असतो, तर कदाचित तुम्ही ऐकलंही असतं.

त्या सोमवारी तुम्हाला स्मशानात पोचवून आलो. बुधवारी तुमचा ड्रॉवर उघडला. कमलबाईंच्या फाईलवर मुदतीची तारीख माझ्याच अक्षरात, लाल शाईत. ती फाईल मी तीनदा तपासली होती. नवरा कावीळ होऊन गेला, त्याच्या अडीच एकरांचा फेरफार झाला तेव्हा वारस म्हणून एकट्या सासूचं नाव लागलं, कमलबाईंचं आणि त्यांच्या मुलीचं वगळलं. सगळा कारभार दिराचा, आणि कमलबाई राहतात त्याच घरात. अपिलाचा सुगावा लागला तर मुलीसकट बाहेर काढतील, हे आपल्या केंद्रातल्या विद्यार्थिनीने, पल्लवीने, जबाबात लिहून ठेवलेलं. मसुदा तयार होता. वकीलपत्रावर आणि प्रतिज्ञापत्रावर फक्त त्यांच्या सह्या हव्या होत्या. मुदत टळली की मग उशीर माफ करा म्हणून वेगळं रडगाणं, आणि तोवर सासूकडून जमीन दिराच्या नावावर गेली की झालंच.

ड्रॉवरमध्ये वही नव्हती, चिठ्ठी नव्हती. एक स्वस्तातला चष्मा, दोन ब्लाऊजपीस, एक रिकामी औषधाची बाटली, लहान मुलाचं टोपडं. तुमच्या खाजगी वस्तू म्हणून मी ते सगळं पिशवीत घालून मैत्रीकडे पाठवून दिलं. मूर्खपणा कसा असतो बघा.

गुरुवारी राहवलं नाही, फाईलमधल्या नंबरवर फोन लावला. काय बोलणार होतो, देव जाणे. पुरुषाचा आवाज आला, "कोन?" तुमच्या त्या ओळीपुढे पल्लवीने लिहिलं होतं: दीर. मी रॉंग नंबर म्हणून कापला. पुन्हा त्याच नंबरवरून फोन आला, "कोन पाह्यजे होतं तुमाले?" मी पुन्हा रॉंग नंबर म्हणालो. वीस वर्षं साक्षीदारांची उलटतपासणी कशी घ्यायची ते शिकवणारा माणूस मी, आणि एवढ्याशा प्रश्नाला घाम फुटला. रात्रभर वाटत राहिलं, मी त्या बाईला अडकवलं. दुसरी बोरी अरब केली.

पल्लवी म्हणाली, मी कमलबाईंच्या तांड्यावर जाऊन येते सर. ती त्याच बंजारा समाजातली, तिला तिथली बोली येते, पण शहरातली कॉलेजची पोरगी कमलबाईंना शोधत आली हे संध्याकाळपर्यंत सगळ्या तांड्याला कळलं असतं. तिला जाऊ दिलं नाही. ती माझ्यावर चिडली. "मग बसून राहायचं का, सर?"

म्हणून रविवारी, लोक बुंदी आणि चिवडा खात असताना, मी मैत्रीला बाजूला घेऊन फोन मागितला. तिने आवाज बंद करून कपाटात ठेवला होता. "लोकं अजून आईलेच फोन करून राह्यले सर. उचलून काय सांगू त्याइले?" तिने काढून माझ्या हातात दिला, आणि तिथून निघून गेली. त्यात नावं नव्हती, नुसते नंबर होते, हेही तुमचंच काम. पण एका नंबरवरून बुधवारपासून रोज दुपारी बाराच्या सुमाराला मिस्ड कॉल होता. तो कमलबाईंच्या फाईलमधला नंबर नव्हता.

तुमच्या अंगणात, मोगऱ्याच्या कुंडीशेजारी उभा राहून मी तो लावला. एका बाईने उचलला. मागे भांड्यांचा आवाज.

"कोन हाये?"

मला वाक्यच माहीत नव्हतं. काही बोललो तर चुकीचं, नाही बोललो तर तिने ठेवून दिला असता.

"आयकू नाई येऊन राह्यलं. यवतमायवरून बोलता का? चष्म्याच्या दुकानातून?"

मी "हो," म्हणालो.

"मंग बोला ना. ते कमल रोज माह्या फोनवरून लावून राह्यली, चष्मा आला का म्हनून. तुमी उचलतच नाई. इतके दिवस लागते का चष्म्याले?"

"आला," मी म्हणालो. "चष्मा आला. उद्याच या म्हणावं त्यांना, नंतर दुकान बंद आहे."

"सांगतो," ती म्हणाली आणि ठेवून दिला.

मग मला रडू आलं. तुमची प्रेतयात्रा निघाली तेव्हा आलं नव्हतं. मैत्रीने पाणी आणून दिलं, तिला वाटलं आईची आठवण आली. आली होतीच, पण त्या आठवणीत थोडा रागही होता आणि माझी स्वतःची लाजही होती. तुमच्या खोट्याला दोन वर्षं नाकं मुरडली आणि वेळ आली तेव्हा एका दमात तीन खोटी वाक्यं बोललो, वर दुकान बंद आहे हे पदरचं.

कमलबाई सोमवारी पावणेबाराला आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच नीट बघितलं. बुटक्या, घोट्यापर्यंत धुळीने भरलेले पाय, हातात प्लास्टिकची थैली. आत आल्या आल्या तुमच्या खुर्चीकडे बघितलं. "बाई कुठी हाये?"

आधी सह्या घ्याव्यात आणि मग सांगावं, असं मी ठरवलं होतं. बाई विचलित होतील, सह्या चुकतील. पण त्या खुर्चीकडेच बघत उभ्या राहिल्या, आणि तुम्ही काय केलं असतं हे मला ऐकू आल्यासारखं झालं. मी सांगितलं. मागच्या सोमवारी, सकाळी, घरीच, हार्ट अटॅकने.

त्या खाली बसल्या, खुर्ची होती तरी जमिनीवर. पल्लवी "याडी, याडी", म्हणजे आई, आई, करत शेजारी बसली आणि दोघी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. मी घड्याळ बघत होतो, लपवून. अपील दाखल करणारे वकील साहेब दोन वाजता निघणार होते. कमलबाईंनी डोळे पुसले आणि स्वतःच म्हणाल्या, "कागद आना. त्या बाईनंच मले सही शिकवली. तीन खेपा केल्या मी, अंगठा नको म्हने."

पल्लवीने मसुदा वाचून दाखवला. मग विचारलं, आता तुम्ही सांगा, काय लिहिलंय. कमलबाईंनी सांगितलं, नवऱ्याचं नाव न घेता, गटनंबरासकट. सह्या झाल्या. क ला काना लागला तो त्यांनी स्वतःच खोडला आणि पुन्हा लिहिलं, आणि खाडाखोडीवर वेगळी सही करायची असते हे पल्लवीला त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी हात पुढे केला. "चष्मा?"

मी म्हणालो, चष्मा तर नुसता निरोप होता ना.

"घरी काय दाखवू? चष्मा आनाले आलो ना मी."

तेव्हा कुठे मला तुमचा ड्रॉवर कळला, ताई. बाटली, ब्लाऊजपीस, टोपडं. प्रत्येक निरोप बाई घरी पोचेपर्यंत खरा करून ठेवण्याची सोय. तुम्ही ते स्वतःच्या पगारातून आणत होतात आणि मी एकदा तुम्हाला म्हणालो होतो, की ड्रॉवरात काय दुकान मांडलंय. मी धावत बसस्टँडजवळच्या हातगाडीवर गेलो. तो विचारतो, नंबर किती? मी म्हणालो, कोणताही दे. त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं तुम्ही नेहमी बघायचात.

कमलबाईंनी चष्मा लावून बघितला. दिसतंय का, मी विचारलं. "तुमी दिसता," त्या म्हणाल्या, "पन लई मोठे दिसता." पल्लवी हसली. आठवडाभरात त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं.

आज मंगळवार. दुपारी वकिलांनी अपील दाखल केलं आणि पोच आणून दिली. शिक्का नीट उमटलेला आहे, मी दोनदा पाहिला. निकाल काय लागायचा तो लागेल, पण मुदत टळली नाही. तुमचा फोन आता केंद्राच्या टेबलावर आहे. त्या ओळीपुढे दुसऱ्याचं नाव असलेल्या फाईली मोजल्या, तुमच्याकडे अशा सतरा जणी होत्या. कमलबाई धरून चौघींचं वाक्य कळलं. बाकी तेरा जणी कुठेतरी वाट बघत असतील, की ब्लाऊज शिवून झालं की नाही. फोन वाजला की पल्लवी आणि मी एकदमच हात टाकतो.

पण कमलबाई जाताना जे म्हणाल्या ते तुम्हाला सांगायचं राहिलं. मी त्यांना विचारलं. ताई, आपण दोघांनी दोन वर्षं वाद घातला, फाईलमध्ये लिहायचं की डोक्यात ठेवायचं, आणि जिचा निरोप तिला विचारलं नाही. मी विचारलं, की कमलबाई, पुढच्या तारखेचा निरोप आता कोणाकडे ठेवू? लिहून ठेवू का? त्या दारात थांबल्या. तुमच्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पल्लवीकडे.

"लिहू नोका," त्या म्हणाल्या. "तुमाले सांगतो अन् या पोरीलेबी सांगतो. दोघं काई एका दिवशी मरत नाई."